अकीमच्या पुढे

एकवीस किलोमीटर म्हणजे किती, हे आमच्या अकीमला ठाऊक नव्हतं. असायचं कारणही नव्हतं म्हणा. तालुक्याचा मुख्य साहेब तो, त्याला सगळी गावं गाडीच्या काचेतून माहीत. सरोवराच्या जुन्या धक्क्यापासून तालुक्याच्या चौकापर्यंत गाडीला सतरा मिनिटं लागतात, मेंढ्या आडव्या आल्या तर बावीस. मग सतरा मिनिटांची वाट माणसाला धावायला कितीशी जड जाणार, असा त्याचा सरळ हिशेब.

मुळात सप्टेंबरातल्या आरोग्यदिनाची शर्यत तीन किलोमीटरचीच ठरली होती. तेवढ्यात शेजारच्या तालुक्याने दहाची लावल्याची बातमी आली, आणि आमच्या अकीमच्या, म्हणजे तेमिरकुलसाहेबांच्या, नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी थेट एकवीसचा आकडा टाकला. त्यांचा उपसाहेब झोमार्त, ज्याला सरकार मान हलवण्याचा पगार देतं, तो म्हणाला की आपल्या तालुक्याला एकवीसच शोभतात. लगेच सगळ्या कचेऱ्यांना पत्र गेलं: माणसं स्वेच्छेने नावं देतील, शुक्रवारपर्यंत देतील, आणि ज्याची इच्छा नसेल त्याने तसं लेखी कळवून कारणं जोडावीत. पोस्टातून दोन, दवाखान्यातून सहा, शाळेतून आठ.

शाळेत सात नावं चिठ्ठ्या टाकून निघाली. आठव्याला सगळे जमिनीकडे बघायला लागले, तेव्हा कुणाला तरी सुचलं की स्वयंपाकघरातली बुरुलचा या बैठकीला नाही, ती पातेली घासतेय. झालं, घातलं तिचं नाव. बिचारीचा बळी गेला म्हणून दोन मास्तरणी हळहळल्यासुद्धा. बळी कसला? बुरुलचा फेब्रुवारीपासून रोज धावत होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

तिचं असं झालं होतं. रोज पहाटे गाय गावाच्या वेशीवर कळपात नेऊन सोडायची, हे सुनेचं काम. एका सकाळी गाय बिथरली आणि टेकडीकडे सुटली. बुरुलचा तिच्यामागे धावली. धावता धावता गाय दमली, उभी राहिली, जीभ बाहेर काढून बघायला लागली. ही दमली नव्हती. एकोणचाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, शाळेत रोज दोनशे पोरांचं सूप ढवळणारी, आणि आपण दमत नाही हे तिला गाईने सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती गाय सोडून लांबच्या वाटेने घरी यायला लागली. आधी दोन किलोमीटर, मग पाच, मग बारा. सासूबाईंना वाटायचं, सून वेशीवर बायकांशी गप्पा मारते. बुरुलचाने त्यांचा गैरसमज दूर केला नाही. गप्पा मारणारी सून घराघरात असते. विनाकारण धावणारी निघाली तर बोभाटा झाला असता.

नवऱ्याला तेवढं माहीत होतं. इशेनअली त्याचं नाव, अकीमच्याच कचेरीत नोंदवहीवर कारकून. वीस वर्षांत त्याच्या हातून एक आकडा चुकला नव्हता आणि साहेबापुढे तोंडातून एक शब्द निघाला नव्हता.

आता मुख्य गोष्ट. त्याच पत्राच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं की शर्यतीत जो पहिला येईल त्याला प्रांताच्या खर्चाने ऑक्टोबरात राजधानीच्या, बिश्केकच्या मोठ्या शर्यतीला पाठवण्यात येईल. ही ओळ कुणी वाचलीच नाही. बुरुलचाने ती शाळेच्या फलकापुढे उभं राहून चार वेळा वाचली.

तिला बिश्केक बघायचं नव्हतं. तिला एक रस्ता हवा होता. आमच्याकडे सुनेला सासरचा वडीलधारा माणूस वाटेत दिसला की थांबावं लागतं, हात पोटाशी बांधून कमरेत लवावं लागतं, आणि तो "शतायुषी हो" म्हणेपर्यंत तसंच राहावं लागतं. गाव नवऱ्याच्या कुळाचं. म्हणजे दर दुसरा म्हातारा सासरा आणि दर तिसरी म्हातारी सासू. सोळा वर्षांत बुरुलचा घरापासून दुकानापर्यंतसुद्धा एका दमात गेली नव्हती. पहाटेची वाटही तिने टेकडीमागून शोधली होती ती याचसाठी. आणि बिश्केकमध्ये म्हणे सगळं शहर बंद करून रुंदच्या रुंद रस्ता मोकळा करतात. एकवीस किलोमीटर, आणि वाटेत सासरचं एक माणूस नाही! रात्री पडल्या पडल्या ती त्या रस्त्याचा विचार करायची आणि तिला हसू यायचं.

तिने इशेनअलीला विचारलं की पहिली आले तर जाऊ द्याल का. त्याने बराच वेळ मिशी चाचपली. मग म्हणाला, कागदावर पहिलं नाव तुझं आलं, तर आईला मी समजावीन आणि तुला बसमध्ये बसवायला स्वतः येईन. कारकून माणूस, त्याचा शब्दसुद्धा कागदाच्या अटीवर.

शर्यतीच्या दिवशी सकाळी धक्क्यावर एकशे शहाऐंशी स्वेच्छावाले जमले. दवाखान्याच्या नर्सा पांढऱ्या बुटांत, पोस्टवाले कोटात, पशुवैद्य घोड्यावरून आला होता आणि घोडा कुठे बांधावा हे विचारत होता. ठरलं असं होतं की अकीमने पहिले पाचशे मीटर धावायचं, प्रांताच्या दूरदर्शनवाल्याने ते टिपायचं, मग साहेबांनी मागच्या गाडीत बसायचं आणि चौकाच्या अलीकडे पुन्हा उतरायचं. व्यवस्था चोख होती. फक्त ती दूरदर्शनवाल्याला कुणी सांगितली नव्हती. तो बापडा कामाला इमानी निघाला. उघड्या जीपमध्ये उलटा बसून, कॅमेरा साहेबांच्या तोंडावर रोखून तो पाचशे मीटर झाले तरी टिपतोय, हजार झाले तरी टिपतोय. साहेब त्याच्याकडे बघून हसत होते, आणि हसत असल्यामुळे थांबता येत नव्हतं.

तेमिरकुलसाहेबांची प्रकृती सत्तावन्न वर्षं खुर्चीत जपलेली. दुसऱ्या किलोमीटरला त्यांचं धावणं उड्यांवर आलं, तिसऱ्याला चालण्यावर. आणि त्यांच्यामागे एकशे पंच्याऐंशी माणसं.

पुढे कुणी जायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला कशाला लागतं? वडीलधाऱ्याची वाट ओलांडून पुढे जायचं नाही हे आम्ही पाळण्यात शिकतो, आणि हा तर अकीम, ज्याच्या सहीशिवाय तालुक्यात नळाला पाणी येत नाही. तेव्हा सगळा तालुका त्याच्या चालीने धावत होता. चालणाऱ्या माणसामागे धावणं ही काही सोपी गोष्ट नाही. शाळेचे व्यायामाचे मास्तर जागच्या जागी गुडघे उचलत होते. पोस्टवाल्यांनी बुटांच्या नाड्या सहा वेळा सोडल्या आणि बांधल्या. नर्सांनी मागच्या मागे सूर्यफुलाच्या बिया काढल्या होत्या.

चौथ्या किलोमीटरला बुरुलचाच्या सासरचं गाव आलं. रस्त्याच्या कडेला अख्खं कूळ बाकं टाकून बसलेलं. म्हाताऱ्यांच्या डोक्यावर उंच पांढऱ्या टोप्या, कल्पाक, पुढ्यात तळलेल्या कणकेच्या बोरसोकांची ताटं आणि घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, किमिझचे वाडगे. भाकरीवरून न चाखता पुढे जायचं नसतं, म्हणून प्रत्येक धावपटूने निदान एक तुकडा तोंडात टाकला. बुरुलचाला त्याहून जास्त काम होतं. पहिला सासरा दिसला, ती थांबली, लवली. चार पावलं धावली, दुसरा. मग तिसरा, त्याच्या दोन बायका, मग चुलतसासरे ओळीने. तिने अकरा वेळा कंबर वाकवली, अकरा वेळा शंभर वर्षांचं आयुष्य घेतलं, आणि तरीही मान वर करून बघते तर ती होती तिथेच, अकीमच्या मागे विसाव्या नंबरवर. असली शर्यत जगात दुसरीकडे सापडायची नाही.

हसू आलं तिला, पण ते फार टिकलं नाही. सातव्या किलोमीटरला तिच्या ध्यानात आलं की हे असंच चौकापर्यंत जाणार. पहिला अकीम येणार. बाकी सगळे त्याच्यामागे, एकशे पंच्याऐंशी शेवटचे. आठ महिन्यांच्या पहाटा, बर्फातल्या, चिखलातल्या, आणि पाय अजून शाबूत, छाती अजून तापलीसुद्धा नाही, आणि पुढे ती रुंद पाठ डोलतेय. तिला रडायला आलं. रागाने आलं, आणि तो राग कुणावर काढावा हे कळेना म्हणून जास्तच आलं.

आणि तेव्हा तिला सुयुंचू आठवलं.

चांगली बातमी सगळ्यांत आधी पोचवणाऱ्याला आमच्याकडे बक्षीस द्यावं लागतं. तो दारात येऊन "सुयुंचू!" म्हणून ओरडतो, घरचे त्याच्या हातात काहीतरी ठेवतात, मग तो सांगतो की मुलगा झाला, पोरगा सैन्यातून परतला, हरवलेली घोडी सापडली. आणि बातमी घेऊन निघालेल्या माणसाला कुणी अडवत नाही. तो बापाच्या पुढे जातो, खानाच्याही पुढे गेला असता.

बुरुलचा गर्दीतून पुढे सरकली आणि अकीमच्या डाव्या हाताला एक पाऊल मागे राहून, मान खाली घालून चालायला लागली. कॅमेरा तिच्याकडे वळला.

"बाइके," वडीलधाऱ्याला मारायच्या हाकेने ती म्हणाली, "चौकात लोक तुमची वाट बघत बसलेत. तुम्ही एवढं अंतर पायी तोडून येताय, हे त्यांना कुणीतरी आधी कळवायला हवं. तुम्ही हो म्हणालात तर मी पुढे जाऊन सुयुंचू मागते."

अकीमच्या चेहऱ्याचा बीटरूट झाला होता. तरी त्यावर समाधान पसरलं. कॅमेऱ्याकडे बघत त्यांनी हात वर केला.

"जा, सूनबाई," ते धापा टाकत म्हणाले. "मोठ्यांदा सांग."

ती सुटली. पहिल्या दोनशे पावलांत तिने मागे वळून पाहिलं नाही, कुणी हाक मारेल या भीतीने; मग भीतीही मागे राहिली. उजवीकडे सरोवर, डावीकडे पर्वत, मध्ये डांबर, आणि डांबरावर कुणी नाही. तिने बारापेक्षा जास्त किलोमीटर कधी धावून बघितले नव्हते आणि आता चौदा राहिले होते, पण ते आकडे तिच्या डोक्यात आलेच नाहीत. बाराव्याला पोटात कळ आली, बोरसोकांची असावी. सोळाव्याला मांड्या दगडाच्या झाल्या. अठराव्याला ती मोठमोठ्याने स्वतःशी बोलत होती, आणि काय बोलत होती हे तिने नंतर कुणाला सांगितलं नाही. सुख झालं तिला, नुसतं सुख. लग्नातसुद्धा एवढं झालं नव्हतं.

मागे काय झालं ते ऐका. व्यायामाच्या मास्तरांनी बुरुलचाची युक्ती बघितली आणि मग तेही साहेबांपाशी जाऊन परवानगी मागते झाले. मग पशुवैद्य. मग दोन्ही पोस्टवाले एकदम. साहेब प्रत्येकाला हात वर करून जा म्हणत होते. आपलं येणं कळवायला सगळा तालुका इतका आतुर आहे हे बघून त्यांचे डोळे पाणावले होते. अशी सत्तावन्न माणसं त्यांनी पुढे पाठवली. सतराव्या किलोमीटरला अखेर कॅमेऱ्याची बॅटरी संपली, आणि साहेबांनी गाडीचं दार स्वतःच्या हाताने उघडलं.

चौकात बँड होता, मांडव होता, रस्त्यावर आडवी लाल रिबीन होती. रिबिनीशी झोमार्त उभा, शेजारी टेबलामागे इशेनअली, पुढ्यात नोंदवही आणि हातात थांबघड्याळ. वळणावर एकटी बुरुलचा दिसली तेव्हा बँडवाल्यांना वाजवावं की नाही कळेना. त्यांनी थोडंसं वाजवलं.

"सुयुंचू," ती म्हणाली. ओरडायला गेली, पण घशातून एवढंच निघालं. "अकीम येताहेत."

टाळ्या पडल्या. झोमार्तने रीतीप्रमाणे बक्षिसांच्या टेबलावरची विजेची किटली उचलून तिच्या हातात दिली. ती रिबिनीकडे निघाली, तसा त्याने हात आडवा केला. रिबीन साहेबांची होती. बुरुलचाने किटली काखोटीला मारली, रिबीन बांधलेल्या खांबाला वळसा घातला आणि बाहेरच्या बाजूने पांढरी रेघ ओलांडली. ओलांडताना तिने टेबलाकडे बघितलं. इशेनअलीचा अंगठा घड्याळावर दाबला गेला, हे तिने डोळ्यांनी पाहिलं.

"ही पहिली," इशेनअली म्हणाला. हळू म्हणाला, पण म्हणाला.

झोमार्तने त्याच्याकडे दयेने बघितलं. मग शांतपणे समजावून सांगितलं की ही धावपटू म्हणून आलेली नाही. ही निरोप घेऊन आली, चारचौघांत सुयुंचू मागितलं, बक्षीस घेतलं. निरोप्या तो निरोप्या, आणि निरोप्याचा नंबर कुठल्या शर्यतीत धरतात? पहिली ओळ मोकळी ठेव.

बुरुलचा नवऱ्याकडे बघत उभी राहिली. इशेनअलीने पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग त्याने पहिली ओळ मोकळी ठेवली, आणि वर बघितलंच नाही.

मागून सत्तावन्नांतले उरलेले छप्पन्न आले. सगळ्यांनी सुयुंचू मागितलं. किटल्या संपल्यावर टॉवेल दिले, टॉवेल संपल्यावर झोमार्त नुसते हात मिळवत सुटला. आणि मग पलीकडच्या गल्लीत गाडीचं दार वाजलं, आणि तेमिरकुलसाहेब केस विंचरून, दोन्ही हात वर करून धावत आले व रिबीन छातीने तोडली. वेळ काय लिहायची हा प्रश्न होता. झोमार्तने फोनवर बघितलं की जगात चांगला धावणारा एकवीस किलोमीटरला किती घेतो. त्यात विनयाची दहा मिनिटं मिळवली. एक तास चोवीस. इशेनअलीने सुंदर अक्षरात लिहिलं.

घरी बुरुलचाने आदळआपट केली नाही. आमच्याकडे चहाची वाटी अर्धीच भरतात, म्हणजे माणूस बसतो, पुन्हा मागतो, पुन्हा देता येतो. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे पी आणि ऊठ. इशेनअलीला चार दिवस सकाळ-संध्याकाळ काठोकाठ वाटी मिळाली. नवी किटली तिने कोंबड्यांना पाणी घालायला नेली. सासूबाईंना आता सगळं कळलं होतं, आणि चमत्कार असा की धावण्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. अकरा जणांना नीट लवली की नाही एवढंच त्यांनी चौकशी करून खात्री करून घेतलं.

चौथ्या दिवशी इशेनअलीला राहवलं नाही.

"तू पहिली आलीस," तो म्हणाला. "मला माहीत आहे ना."

"तुम्हाला माहीत आहे, तेच दुखतंय," बुरुलचा म्हणाली. "माहीत नसतं तर मी तुम्हाला माफ केलं असतं."

तो भरलेली वाटी घेऊन अंगणात जाऊन उभा राहिला.

पाचव्या दिवशी प्रांतातून पत्र आलं. नऊ तालुक्यांच्या शर्यतींत किलोमीटरमागे सर्वांत कमी वेळ आपल्या अकीमसाहेबांची असून, या वयात ही कामगिरी म्हणजे सबंध प्रांताचा अभिमान, असं त्यात लिहिलं होतं. साहेबांनी ओळखपत्र आणि हृदयाच्या तपासणीचा दाखला घेऊन यावं. बिश्केकला प्रांताचा गव्हर्नर स्वतः शेवटच्या रेषेवर उभा राहणार, आणि साहेबांच्या दंडावर वेळ मोजणारी पट्टी बांधली जाईल, जी दर पाच किलोमीटरला आपोआप नोंद करते. ही पट्टी गाडीत बसली तर कळतं म्हणे.

त्याच दुपारी अकीमची गाडी इशेनअलीच्या दारात उभी राहिली. सासूबाईंची धावपळ उडाली. दाराच्या समोरची मानाची जागा, त्यावर तीन गाद्या, जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर जर्दाळूचा मुरांबा, लोणी, ताजे नान. साहेब मांडी घालून बसले, भाकरीचा तुकडा मोडला, पिकाची, गुरांची, मुलांच्या अभ्यासाची विचारपूस केली. बटाट्यांपर्यंत आले आणि थांबले. मग विषयाला हात घातला.

आपलं मन फार दिवस खात होतं, असं ते म्हणाले. तरुण पिढीला संधी मिळायला हवी. सूनबाई इतक्या हौसेने धावली, तेव्हा आपण बिश्केकची आपली जागा तिला द्यायची ठरवली आहे, बक्षीस म्हणून. इशेनअलीने तसं पत्र तयार करावं, की अकीमने मनाचा मोठेपणा दाखवून आपला पहिला नंबर तालुक्याच्या एका साध्या स्वयंपाकिणीला अर्पण केला. सासूबाईंनी डोळ्यांना रुमालाचा पदर लावला.

बुरुलचा दाराशी उभी होती, हातात चहाची किटली. आता हो म्हटलं की झालं. बस, बिश्केक, रस्ता, सगळं तिच्या हातात येणार होतं, नुसती मान हलवायची होती.

"मला तुमची जागा नको, बाइके," ती म्हणाली. "माझी द्या."

सासूबाईंचा पदर डोळ्यांवरच राहिला. साहेबांना आधी ऐकूच आलं नाही असं दिसलं. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले की सूनबाई, एकच गोष्ट आहे ही, जायला मिळाल्याशी कारण. ती म्हणाली की एकच असेल तर माझ्या म्हणण्याप्रमाणे लिहायला हरकत नसावी. तेव्हा साहेबांनी हुकमी पत्ता काढला. खरी वेळ लिहायची म्हटली तरी लिहिणार कुठून? सत्तावन्न माणसांच्या वेळा आता कुणाला आठवताहेत? नोंद नाही, पुरावा नाही.

तेव्हा इशेनअली उठला. तो खुंटीवरच्या कोटापाशी गेला आणि आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. कागद दस्तरखानावर लोण्याच्या बशीशेजारी पसरला. ओळी आखलेल्या, अक्षर तेच सुंदर. अनुक्रमांक एक, बुरुलचा, दोन तास बावीस मिनिटं नऊ सेकंद. मग व्यायामाचे मास्तर, मग एका नर्सचं नाव, मग पशुवैद्य. खाली, बऱ्याच खाली, अनुक्रमांक अठ्ठावन्न, तेमिरकुलसाहेब, आणि पुढे शेरा: शेवटचे चार किलोमीटर गाडीने.

साहेबांनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. अनुक्रमांक दहा करता येईल का, असं त्यांनी विचारलं, अगदी नरमाईने.

"बाइके, नऊ आणि दहाच्या मध्ये जागा नाही," इशेनअली म्हणाला. त्याने बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं. "गाडीने आलेल्याला खरं तर क्रमांकच देता येत नाही. मी दिलाय."

मग शेरा तरी खोडा, असं साहेब म्हणाले. इशेनअलीने बायकोकडे बघितलं. चार दिवसांत त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघितलं होतं. बुरुलचाने जरा विचार केला आणि शेरा खोडायला हरकत नाही म्हणाली. साहेब सतरा किलोमीटर खरोखरच चालले होते, आणि त्यांच्या वयाला आणि पोटाला तेही काही थोडं नव्हतं. ते ऐकून साहेबांना का कोण जाणे बरं वाटलं. त्यांनी सही केली, नानचा एक तुकडा आणखी मोडला आणि उठले. दाराबाहेर त्यांचे बूट सासूबाईंनी तोंडं गाडीकडे करून ठेवले होते.

गाडी गेल्यावर बुरुलचाने कागद हातात घेतला. दोन तास बावीस मिनिटं नऊ सेकंद. आपली वेळ तिला आज पहिल्यांदा कळत होती. तिने ती बोटाने एकदा पुसून बघितली.

"चार दिवस खिशात घेऊन हिंडलात?" तिने विचारलं.

"चुलीत टाकणार होतो," इशेनअली म्हणाला. "टाकवेना."

तिने त्याला माफ केलं की नाही हे मला विचारू नका. संध्याकाळच्या चहाला त्याची वाटी अर्ध्याहून थोडी जास्त भरली होती, एवढं मला माहीत आहे.

सासूबाई मात्र एव्हाना कामाला लागल्या होत्या. सून बिश्केकला धावणार, आणि बिश्केकला तर आपलं निम्मं कूळ राहतं, हे त्यांना एकदम आठवलं होतं. त्यांनी फोन उचलला. आपल्या थोरल्या नणंदेला आधी कळवलं, मग दोन चुलतदिरांना, मग त्यांच्या व्याह्यांना. सगळ्यांनी सकाळी आठ वाजता रस्त्याच्या कडेला बाकं टाकून बसायचं, म्हाताऱ्यांना पुढे बसवायचं, बोरसोक घरून तळून आणायचे. बुरुलचा ऐकत होती. तिचा तो रुंद मोकळा रस्ता तिच्या डोळ्यांदेखत माणसांनी भरत चालला होता. दोन्ही कडांना कल्पाकच कल्पाक.

ती सासूबाईंच्या पुढ्यात जाऊन बसली.

"येऊ द्या सगळ्यांना," ती म्हणाली. "फक्त एवढं सांगा, आई, की मी थांबणार नाही."

सासूबाईंनी फोन कानापासून दूर धरला आणि सुनेकडे बघितलं. मग फोन पुन्हा कानाला लावला आणि जसंच्या तसं सांगितलं, की ती थांबणार नाही म्हणते. पलीकडून नणंदेचा आवाज सगळ्या घराला ऐकू येईल इतका चढला. सासूबाईंनी तिला पुरतं बोलू दिलं, आणि मग म्हणाल्या की तुला आशीर्वाद द्यायचाच असेल तर तू धाव तिच्यामागे.